येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूचा अर्थ : ख्रिस्ती विचारपरंपरा आणि मराठी धर्मभाषा

रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' किंवा पंडिता रमाबाईंचे चरित्र यांपैकी काही ना काही मराठीच्या वा इतिहासाच्या प्राध्यापकाला केव्हा तरी शिकवावे लागतेच. अशा वेळी 'येशूने मानवजातीच्या पापांसाठी प्राण दिला, असे ख्रिस्ती लोक मानतात' एवढे एक वाक्य सांगून पुढे जाण्याचा प्रघात आहे. वाक्य चुकीचे नाही. तथापि त्यातील 'साठी' या लहानशा शब्दयोगी अव्ययात सुमारे दोन हजार वर्षांचा वाद दडलेला आहे. पापांसाठी म्हणजे पापांमुळे, पापांच्या बदल्यात, पाप्यांच्या ऐवजी, की पाप्यांच्या हिताकरिता? एकाचा मृत्यू दुसऱ्याच्या उपयोगी कसा पडतो? या प्रश्नाचे उत्तर ज्याने ज्या शब्दात दिले, त्यानुसार त्याची भक्ती, त्याचे समाजकार्य आणि त्याची कविताही घडली. म्हणूनच हा प्रश्न केवळ चर्चच्या चार भिंतींतला राहत नाही.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाला या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. अहमदनगरला १८३१ साली ठाणे उभारणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने १८४० च्या दशकात शिरूरच्या लष्करी छावणीच्या गावी काम सुरू केले. शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी 'मुक्ती' या नावानेच आपली संस्था वसवली. संस्थेचे नावच ज्या शब्दाने घडले आहे, त्या शब्दाचा अर्थ संस्थापिकेने काय घेतला होता, हे पाहणे अगत्याचे ठरते.

ठरलेले आणि न ठरलेले

येशूचा मृत्यू ही इतिहासाच्या अंगाने पाहता रोमन साम्राज्याने दिलेली देहांताची शिक्षा होती. इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदिया प्रांताचा अधिकारी असलेल्या पंतय पिलाताच्या हुकुमाने ती दिली गेली. ही शिक्षा प्रामुख्याने गुलाम, बंडखोर आणि नागरिकत्व नसलेल्या लोकांसाठी राखून ठेवलेली असे. मराठी प्रॉटेस्टंट परंपरेने तिच्यासाठी 'वधस्तंभ' हा शब्द रूढ केला, तर कॅथलिक मंडळींत 'क्रूस' हा पोर्तुगीज वळणाचा शब्द चालतो. क्रूस म्हटले की आकृती डोळ्यांसमोर येते. वधस्तंभ म्हटले की कृत्य. दागिन्यासारखे गळ्यात मिरवले जाणारे चिन्ह मुळात फाशीच्या दोरासारखे होते, याची आठवण मराठी शब्द अधिक चांगली ठेवतो.

या शिक्षेत ईश्वरी हेतू कोणता होता, हा पुढचा प्रश्न. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या विश्वासांगीकारात तो 'आमच्याकरिता' वधस्तंभी गेला, एवढेच नोंदले आहे. येशू देव कसा आणि मनुष्य कसा, यावर निखाया (३२५) ते खाल्सेदोन (४५१) अशा परिषदांनी काटेकोर शब्द ठरवले. मात्र त्याच्या मृत्यूने तारण नेमके कसे घडते, याची व्याख्या प्राचीन काळच्या सर्वमान्य परिषदांपैकी एकीनेही केली नाही. ख्रिस्ती धर्माची या बाबतीत एकच शिकवण आहे, हा आपल्याकडील समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो. हा समज मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातील मिशनरी पत्रकांनी रुजवला.

खंडणी कोणाला?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या मृत्यूला 'लुट्रॉन' म्हणतो. युद्धकैदी वा गुलाम सोडवण्यासाठी भरावयाच्या रकमेला ग्रीकमध्ये हा शब्द होता. मराठी बायबलने त्यासाठी 'खंडणी' शब्द घेतला. शिवकालीन वा पेशवेकालीन कागदपत्रे वाचणाऱ्याला त्यात वावगे वाटणार नाही. परंतु आज वर्तमानपत्राच्या पानावर हा शब्द कोणत्या बातम्यांत भेटतो, हे सांगावयास नको. विद्यार्थ्याच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो हाच, की खंडणी मागणारा गुंड कोण?

गंमत अशी, की चौथ्या शतकातील धर्मपंडितांनाही हाच प्रश्न पडला होता. निस्साच्या ग्रेगरीने उत्तर दिले, सैतानाला. पापामुळे माणूस सैतानाच्या ताब्यात गेला होता. देवाने ख्रिस्ताचे मानवी शरीर आमिष म्हणून पुढे केले, सैतानाने ते गिळले आणि आत दडलेल्या ईश्वरत्वाच्या गळाला तो अडकला. त्याच काळातील नाझियान्झसचा ग्रेगरी या कल्पनेने संतप्त झाला. दरोडेखोराला मोबदला कसला द्यायचा, आणि पित्याला म्हणावे तर त्याने आपल्याला कधी डांबून ठेवले होते, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता. म्हणजे 'खंडणी' हे रूपक सुटका सांगण्यापुरते उपयोगी आहे. त्याचा हिशेब मांडू लागले की ते मोडते.

सैतानावरील विजय ही कल्पना मात्र टिकून राहिली. १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'ची चौकट बहुतांशी याच धाटणीची आहे. पहिल्या पुराणात आदामाचे पतन व तारकाची प्रतीक्षा, दुसऱ्यात तारकाचे चरित्र, अशी त्याची मांडणी आहे. जुनी पुराणे दुरावलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना दैत्याचा पराभव करणारा अवतार ही कथावस्तू परकी वाटण्याचे कारण नव्हते. स्वीडिश धर्मपंडित गुस्ताव औलेन याने १९३० साली हीच ख्रिस्ती धर्माची अस्सल, प्राचीन भूमिका होय असे प्रतिपादन केले, तेव्हा युरोपात ते नवे वाटले. ओवी वाचणाऱ्या सालसेतच्या ख्रिस्ती माणसाला ते तीन शतके आधीपासून परिचित होते, असे म्हणावयास हरकत नाही.

कर्जरोखा फाडला की देणे फेडले?

अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने सैतानाला या व्यवहारातून बाजूला काढले. 'देव मनुष्य का झाला?' या अर्थाचे शीर्षक असलेला त्याचा ग्रंथ १०९८ मध्ये पूर्ण झाला. त्याचा तर्क सरंजामी समाजाच्या मानापमानाच्या कल्पनेवर उभा आहे. पाप म्हणजे देवाला देय असलेला मान न देणे. ज्याचा मान मोठा, त्याच्या अवमानाची भरपाईही मोठी. देवाचा मान अनंत असल्याने भरपाई माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. ती द्यावयाची जबाबदारी माणसाची आणि देण्याचे सामर्थ्य फक्त देवाचे. म्हणून देव-मनुष्यच ती देऊ शकतो. अन्सेल्मच्या मते ख्रिस्ताने शिक्षा भोगली नाही, तर ऋण फेडले. हा भेद पुढे पुष्कळदा पुसला गेला. सोळाव्या शतकात कॅल्विनसारख्या सुधारकांनी मानाच्या जागी न्यायालय आणले आणि भरपाईच्या जागी दंड: अपराधी आपण, शिक्षा भोगणारा ख्रिस्त. मराठी मुलखात आलेले बहुतेक अमेरिकन व स्कॉटिश मिशनरी याच परंपरेत वाढलेले असल्याने येथे हा अर्थ 'ख्रिस्ती सिद्धांत' म्हणून परिचित झाला.

ऋणाची भाषा बायबलमध्ये आहेच. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाने पापाला 'ऋण' म्हटले आहे, आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात माणसाविरुद्धचा ऋणाचा लेख वधस्तंभाला खिळून रद्द केला, अशी प्रतिमा आली आहे. ही प्रतिमा शिरूर परिसराच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. १८७४ च्या अखेरीस याच तालुक्यातील करडे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उद्रेक झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. 'दख्खनचे दंगे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावाचे वैशिष्ट्य असे, की जमावाचा रोख बहुधा माणसांच्या जिवावर नव्हता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे, आणि ते मिळताच जाळले जात. पुढे १८७९ साली डेक्कन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. अंगठा उठवलेला कागद म्हणजे काय आणि तो नाहीसा होणे म्हणजे काय, हे या मुलखातील माणसाला कोणत्याही टीकाकारापेक्षा चांगले ठाऊक होते.

पण येथेच अन्सेल्म आणि पौलाचे पत्र यांच्यातील फट दिसते. करड्याच्या शेतकऱ्याला कर्ज कोणी तरी फेडावयास नको होते. रोखाच नष्ट व्हावयास हवा होता. कर्ज पुरतेपणी वसूल झाले असेल तर 'माफ केले' असे म्हणता येत नाही, आणि माफ केले असेल तर वसुली कशासाठी? नेमका हाच आक्षेप इटालियन विचारवंत फाउस्तुस सोचिनुस याने १५९४ साली छापलेल्या ग्रंथात घेतला होता. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात बाप मुलाकडून वा थोरल्या भावाकडून एक पैचीही वसुली न करता त्याला मिठी मारतो, याकडेही टीकाकार बोट दाखवतात. दंडाचा सिद्धांत मानणारे यावर म्हणतात, की क्षमा करणाऱ्यालाही किंमत पडतेच. सावकाराने रोखा फाडला तर तोटा त्याने स्वतःच्या अंगावर घेतलेला असतो. वधस्तंभ म्हणजे देवाने स्वतः सोसलेला तो तोटा. हे उत्तर वजनदार आहे, परंतु ते मान्य केले की रागावलेला पिता आणि शिक्षा भोगणारा तिऱ्हाईत पुत्र हे प्रवचनांतून ऐकू येणारे चित्र सोडून द्यावे लागते. तोटा सोसणारा आणि रोखा फाडणारा एकच असावा लागतो.

प्रायश्चित्त: घेणारा कोण, देणारा कोण

रोमकरांस पत्रातील व योहानाच्या पहिल्या पत्रातील ग्रीक शब्दांसाठी मराठी भाषांतरकारांनी 'प्रायश्चित्त' योजले. धर्मशास्त्रात या शब्दाला भक्कम बैठक आहे. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय या विषयाला वाहिलेला आहे. तेथे प्रायश्चित्ताचा कर्ता पाप करणाराच असतो. कृच्छ्र, चांद्रायण त्यालाच आचरावी लागतात. न झेपल्यास गोदान किंवा द्रव्यदान असा प्रत्याम्नाय असतो, म्हणजे पर्यायालाही खर्च त्याचाच. एकाच्या पापाचे प्रायश्चित्त दुसऱ्याने, तेही ज्याचा अपराध झाला त्यानेच घ्यावे, हे या शब्दाला अभिप्रेत नव्हते.

पुण्यातील ज्या वर्तुळात हा शब्द नित्य वापरात होता, तेथे त्याची किंमत किती होती हे पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून कळते. १८९० साली मिशनमध्ये झालेल्या समारंभात चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींवर ग्रामण्य आले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, तर रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलेल्या प्रायश्चित्ताबद्दल सुधारकांकडूनच बोल ऐकले. तेथे प्रायश्चित्ताचा संबंध अंतःकरणापेक्षा पंगतीशी अधिक होता. ते मिशन चालवणाऱ्यांत वाँटेजच्या भगिनी होत्या, आणि त्याच भगिनीमंडळाच्या सान्निध्यात १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला होता. एकाच शब्दाचे दोन अर्थ एकाच शहरात, जवळपास एकाच काळात असे नांदत होते.

हिंदू दर्शनांच्या दृष्टीने मुख्य हरकत कर्मसिद्धांताची आहे. न केलेल्या कर्माचे फळ मिळणे हा 'अकृताभ्यागम' आणि केलेल्या कर्माचे फळ नाहीसे होणे हा 'कृतहानी' दोष. निरपराध ख्रिस्ताला दुःख आणि अपराध्याला सुटका, असे म्हटले की दोन्ही दोष एकदमच पदरात पडतात. नीलकंठशास्त्री गोरे हे या बाबतीत लक्षात घेण्यासारखे व्यक्तिमत्त्व आहे. काशीतील या महाराष्ट्रीय पंडिताने १८४४-४५ मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती मताचे खंडन केले. पूर्वजन्म न मानता जन्मतःच दिसणारी विषमता कशी उलगडणार आणि मर्यादित आयुष्यातील पापाला अनंत नरक कसा न्याय्य, असे त्यांचे प्रश्न होते. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८६० च्या 'षड्दर्शनदर्पणा'त बाजू उलटवली. ख्रिस्ती झाल्यावरही पापाची गंभीरता आणि ईश्वराचा न्याय हे त्यांच्या विचाराचे अक्ष राहिले. रमाबाईंच्या धर्मांतरापूर्वी त्यांनी लिहिलेल्या पत्राचा परिणाम रमाबाईंनी स्वतः मान्य केला आहे.

कर्माच्या हरकतीला ख्रिस्ती उत्तर असे, की ख्रिस्त आणि माणूस या दोन सुट्या व्यक्ती नाहीत; पौलाच्या मांडणीत तो नव्या मानवजातीचे मस्तक आहे आणि श्रद्धावंत त्याचे अवयव. कर्मसिद्धांत मानणाऱ्याला हे पटेलच असे नाही. वाद शेवटी व्यक्ती म्हणजे काय, यावर येऊन ठेपतो.

केडगावची मुक्ती

रमाबाई या वादात वेगळ्या दाराने आल्या. त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नोंदवल्याप्रमाणे, फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची भगिनींनी चालवलेली सेवा पाहून त्या चकित झाल्या, आणि त्याचे कारण विचारता योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना ऐकवण्यात आली. म्हणजे त्यांना आधी भेटला तो विहिरीवर बहिष्कृत स्त्रीशी बोलणारा येशू. इंग्लंडमधील वास्तव्यात त्रैक्यादी सिद्धांतांवर त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी केलेला पत्रव्यवहार पाहिला, तर कोणी सांगितले म्हणून काही मानणे हे त्यांच्या स्वभावातच नव्हते हे दिसते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही. तेव्हापासून क्षमा आणि वधस्तंभ त्यांच्या लेखनाच्या मध्यभागी आले.

त्यांच्या पूर्वायुष्याकडे पाहिले म्हणजे याचे मर्म कळते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह त्या कुटुंबाने तीर्थयात्रा, व्रते, ब्राह्मणभोजने व दाने यांत जवळचे सारे घातले आणि १८७४ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, आईवडील अन्नावाचून गेले. पुण्यासाठी सतत फेड करीत राहणे म्हणजे काय, हे त्यांनी उपाशी पोटी पाहिले होते. शिवाय स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा थेट अधिकार नाही, हे त्यांनी शास्त्रांत वाचले होते. दुसऱ्याने किंमत भरून टाकली आहे आणि आता कोणाही स्त्रीकडून काही मागितले जाणार नाही, हा अर्थ म्हणून त्यांना अन्याय्य न वाटता सुटकेचा वाटला. युरोपीय पाठ्यपुस्तकात रुक्ष वाटणारा सिद्धांत दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींच्या वस्तीत निराळाच अर्थ धारण करतो.

१९८० च्या दशकापासून पाश्चात्त्य स्त्रीवादी अभ्यासकांनी वधस्तंभाच्या सिद्धांतांवर घेतलेला आक्षेप येथे ध्यानात घ्यावा लागेल: निमूट सोसण्याला पवित्र ठरवल्याने स्त्रियांवरील अत्याचाराला आधार मिळतो. सोशिकपणाला स्त्रीचे भूषण मानणाऱ्या आपल्या समाजात तो अधिकच लागू आहे. रमाबाईंनी मात्र ख्रिस्ताच्या यातनांवरून विधवांना सोसण्याचा उपदेश केला नाही. त्यांना छपाई, शेती, विणकाम शिकवले. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत स्वतंत्रपणे बायबलचे भाषांतर केले. संस्कृत वळणाचे, जुन्या धर्मकल्पनांनी भारलेले शब्द सामान्य स्त्रीला दिशाभूल करतात, अशी त्यांची धारणा होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

१८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांचा कल बाराव्या शतकातील पीटर आबेलार्डशी जुळतो. आबेलार्डच्या मते वधस्तंभ देवाचे मन बदलण्यासाठी नसून माणसाचे मन बदलण्यासाठी आहे; एवढे प्रेम पाहून हृदय पाझरते आणि तेच तारण. टिळकांनी तुकारामांचे बोट धरून ही वाट मराठीत आणली. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे. न्यायासनासमोरचा जामीनदार क्वचितच. या भूमिकेवर 'यात पाप हलके होते' असा आरोप होतो. पण लेकराच्या अपराधाने व्याकूळ होणारी आई ज्या भाषेत शतकानुशतके ईश्वराचे रूप आहे, तेथे तो आरोप तितकासा बसत नाही.

बळी कोणी घेतला

वरील सर्व उपपत्तींत एक गोष्ट अलगद बाजूला राहते: त्याला मारले कोणी आणि का? जोतीराव फुल्यांनी ख्रिस्ती न होताही नेमके येथे बोट ठेवले. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी येशूला पाश्चात्त्य देशांतील दुसरा बळीराजा मानले. दीनदुबळ्यांचा कैवारी म्हणून तो मारला गेला, हा त्यातील भाव. 'बळी' या शब्दात राजाही आहे आणि वेदीवरचा पशूही, त्यामुळे मराठीत ही कल्पना विशेष भिडते. मारणाऱ्यांचा शोध घेताना संपूर्ण यहुदी समाजाला दोषी धरण्याची शतकांची खोड मात्र घातक ठरली. कॅथलिक चर्चने १९६५ साली व्हॅटिकन परिषदेत तो आरोप अधिकृतपणे नाकारला.

अहमदनगर-शिरूर पट्ट्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतून आली. त्यांच्या अनुभवातून ख्रिस्ती विचार करण्याचे आवाहन अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील व्याख्यानात केले आणि त्यातून दलित धर्मज्ञान ही शाखा विकसित झाली. त्यांच्या मते वधस्तंभावरचा येशू हा शब्दशः दलित, म्हणजे मोडलेला, चिरडलेला, परित्यक्त आहे; देवाने आपल्याला सोडले अशी त्याची आरोळी ही देवळाबाहेर ठेवलेल्या माणसाची आरोळी आहे. येथे फेड, दंड, मान यांचा हिशेब संपतो आणि देव कोणत्या बाजूला उभा आहे, एवढाच प्रश्न उरतो.

त्याच समाजातील बहुसंख्यांनी १९५६ नंतर दुसरी वाट धरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, असा भेद केला. दुसऱ्याने मिळवून दिलेली मुक्ती माणसाला स्वावलंबी करील का, हा त्यामागचा प्रश्न रमाबाईंच्या उत्तराला थेट छेद देतो. निर्मळांची मांडणी त्याला अर्धेच उत्तर देते. तिच्यात देव दात्याच्या उंचीवरून खाली उतरून सोबती होतो, हे खरे. पण सोबत्याच्या मरणाने पीडिताची अवस्था बदलते कशी, हे सांगण्यासाठी तिला पुनरुत्थानाकडे वळावे लागते. पौलानेही करिंथकरांस लिहिताना सारा भार तेथेच टाकला होता. त्या तिसऱ्या दिवसाशिवाय वधस्तंभाचा कोणताही अर्थ ख्रिस्ती परंपरेला पुरेसा वाटलेला नाही, आणि आंबेडकरांच्या अनुयायाला आधी पटवून द्यावा लागेल तो नेमका तोच दिवस.